तीन खंडांत विभागलेला एक जिल्हा

डॉ. जॉर्ज ग्रियर्सन यांनी हिंदुस्थानातील भाषांची जी प्रचंड पाहणी केली, तिचे जाडजूड खंड आपल्याकडील जुन्या ग्रंथालयांतून अजूनही पाहावयास मिळतात. १८९४ साली हाती घेतलेले हे कार्य १९२८ साली पुरे झाले. गोंदियाच्या परिसरातील एखादे खेडे मनाशी धरून तेथील लोक काय बोलतात, याचा शोध कोणी या ग्रंथांत घेऊ लागला, तर त्याची मोठी धावपळ होईल. कुणब्याच्या घरची बोली त्याला सातव्या खंडात, मराठीच्या दालनात सापडेल. शेजारच्या पोवाराच्या घरची पोवारी सहाव्या खंडात, पूर्वी हिंदीच्या परिवारात, बघेलीच्या आश्रयाला बसलेली दिसेल. गावाच्या टोकाला राहणाऱ्या गोंडाची भाषा चौथ्या खंडात, द्राविडी भाषांच्या पंक्तीत आढळेल. तिघांची शेते एकाच तलावाच्या पाण्यावर भिजतात, तिघे एकाच आठवडी बाजारात मीठमिरची घेतात आणि तिघांची मुले एकाच शाळेत एकाच बाकावर बसतात. ग्रंथात मात्र त्यांना एकत्र आणावयाचे, तर तीन खंड उघडावे लागतात.

हा दोष ग्रियर्सन यांचा नव्हे. कुळांप्रमाणे भाषा लावावयाच्या म्हटल्या की असेच होणार. परंतु ज्या प्रदेशाचे हे चित्र आहे, त्या प्रदेशाविषयी उर्वरित महाराष्ट्राला फारच थोडे ठाऊक असते. पूर्वेकडचा शेवटचा जिल्हा, धान, राईस मिल, विडी आणि जंगल एवढ्यावर आपली माहिती संपते. या जिल्ह्याच्या घराघरांतील बोलींचे आज काय चालले आहे, हा प्रश्न शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या कामाशी थेट जोडलेला असल्यामुळे त्याचा विचार या स्तंभातून करणे योग्य ठरेल.

पाणी आणि रान

गोंदिया जिल्हा हे नाव तसे नवे आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १३ लाख २२ हजारांच्या घरात होती आणि हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या. उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट, पूर्वेस छत्तीसगड, दक्षिणेस गडचिरोली आणि पश्चिमेस भंडारा. म्हणजे दोन बाजूंना दुसरी राज्ये, आणि त्यांच्याशी असलेली सीमा बव्हंशी नदीची नाही तर रानाची. नदी काय आणि रान काय, माणसांच्या येण्याजाण्याला यांनी कधी अटकाव केलेला नाही.

वैनगंगा, वाघ, चुलबंद, गाढवी या येथल्या नद्या. परंतु या भागाचे खरे वैशिष्ट्य म्हणजे तलाव. अखंड भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जात असे, तो याच कारणाने. उताराच्या जमिनीवर मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडवावयाचे आणि खालच्या धानाच्या बांध्यांना ते पाळीपाळीने सोडावयाचे, ही विद्या येथील कोहळी समाजाने पिढ्यानुपिढ्या जोपासली. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगितले जाते. या तलावाच्या काठी वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली यांनी पुढे येथील पक्षी, मासे आणि माणसे मराठी वाचकाच्या घरात नेली. त्यांच्या लेखनातील अनेक नेमके शब्द हे या रानातल्या माणसांचे शब्द होते, ही गोष्ट विसरता कामा नये. १९७५ साली नवेगावला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१३ साली नवेगाव व नागझिरा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला.

तलावांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १९५१ साली मालगुजारी संपली आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे न्याय्यच झाले. परंतु तलावांचे पाणी जसे सरकारचे झाले, तसा त्यांतील गाळ कोणाचाच राहिला नाही. गावाने एकत्र येऊन पाळ दुरुस्त करण्याची रीत हळूहळू मोडली आणि पुष्कळ तलाव उथळ होत गेले. आज त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ असे सरकारी नाव आहे आणि त्यांच्या पुनरुज्जीवनाच्या योजना आखल्या जातात. जी वस्तू गावाची होती, ती कागदावर आली की तिची निगा घेणारा हात कसा हरवतो, याचा हा एक धडा आहे. बोलींच्या बाबतीतही तो आठवावा लागेल.

सरकत्या रेषा

या भूमीवरील राज्यकर्त्यांच्या रेषा सतत सरकत आल्या आहेत. गोंड राजवटीनंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे आला. १८१८ च्या धामधुमीत कामठ्याचा जमीनदार चिमना पटेल याने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. १८५३ साली तिसरे रघूजी निवर्तले आणि नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला. १८६७ साली बालाघाट हा नवा जिल्हा करताना भंडाऱ्याचा काही मुलूख तिकडे गेला. कालपर्यंत एका जिल्ह्यात असलेली सोयरीक अशा रीतीने दोन जिल्ह्यांत विभागली गेली. तरी १९५६ पर्यंत दोन्ही जिल्हे एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली, मराठी भाषक म्हणून विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. १९६० साली महाराष्ट्र झाला. २००० साली छत्तीसगड वेगळा होऊन पूर्वेचा शेजारीही बदलला.

भाषावार प्रांतरचना ही आवश्यक होती. तिच्यावाचून लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत आला नसता. तथापि नकाशावर रेषा एकच ओढता येते आणि भाषा मात्र एकमेकींत मिसळत मिसळत बदलतात. गोंदियासारख्या ठिकाणी ती रेषा कोठेही ओढली असती, तरी तिने कोणाचे तरी अंगण दुभंगले असतेच.

रेषा सरकत असताना माणसेही येत होती. पोवारांची परंपरा सांगते की, त्यांचे पूर्वज माळव्यातील धारहून निघाले, नगरधनला आले आणि तेथून वैनगंगेच्या खोऱ्यात पसरले. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून छत्तीसगडकडे लोहमार्ग आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस जबलपूरकडे जाणारी छोटी गाडी सुरू झाली. धान, तेंदूची पाने आणि लाख यांच्या व्यापारासाठी गुजराती व मारवाडी आले आणि गोंदिया हे लहानसे गाव जंक्शनचे शहर झाले. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. पूर्व बंगालातून निर्वासित झालेल्या शेतकऱ्यांना अर्जुनी मोरगावच्या बाजूस अरुणनगर, गौरनगर अशा वसाहतींत जागा मिळाली. धान आणि मासे या दोहोंची ओळख असलेल्या त्या लोकांना ही भूमी सर्वस्वी परकी वाटली नसावी. त्याच तालुक्यात प्रतापगडच्या परिसरात १९७२ साली तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत वसली. तेव्हापासून झाडीच्या या मुलुखात हिमालयापलीकडची प्रार्थनाही ऐकू येऊ लागली.

एक ‘ला’ आणि चार घरे

इतके लोक एकत्र नांदले की भाषा एकमेकींच्या अंगणात जातातच. येथील मराठी ही झाडीपट्टीची मराठी. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले आणि तिचा शब्दकोश सिद्ध केला. या बोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ यांना फारसे स्थान नाही. पाण्याचे ‘पानी’ होते आणि डोळ्याचा ‘डोरा’. आपल्या शाळांतून याला अशुद्ध म्हणण्याची चाल आहे. वस्तुतः ही चूक नसून नियम आहे. चूक माणसागणिक बदलते. येथे तर तालुकेच्या तालुके एकाच रीतीने बोलतात.

पोवारीचे पाहा. ‘आहे’ या अर्थी ती ‘से’ म्हणते. ‘माझे’, ‘तुझे’ यांसाठी ‘मोरो’, ‘तोरो’ म्हणते. हे ऐकून मराठी माणसाला ती हिंदीची वाटते. परंतु ‘मला’ म्हणावयाचे झाले की पोवार ‘मोला’ म्हणतो आणि त्यातला ‘ला’ आपल्या ओळखीचा निघतो. तोच ‘मोला’ पुढे छत्तीसगडीतही भेटतो. एक इवलासा प्रत्यय मराठीच्या ओसरीतून निघतो, पोवारीच्या अंगणातून जातो आणि रायपूरच्या बाजारात पोहोचतो. त्याला कोणत्याही सीमेवर कोणी अडवीत नाही. हलबीचे तर आणखी विलक्षण आहे. ग्रियर्सन यांच्या पाहणीत ती मराठीच्या खंडात येते आणि आजच्या जनगणनेत तिला मराठीपासून स्वतंत्र भाषा म्हणून मोजतात.

गोंडी मात्र मुळातच वेगळ्या कुळातली. ‘रंड, मूंद, नालुंग’ असे दोन, तीन, चार मोजणारा गोंड मुलगा आंध्रातील ‘रेंडु, मूडु, नालुगु’ म्हणणाऱ्या मुलाचा भाषेने भाऊ लागतो. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांपाशी माघ पौर्णिमेला गोंड समाजाची यात्रा भरते. पारी कुपार लिंगो आणि काली कंकाली यांच्या स्मरणासाठी अनेक राज्यांतून लोक तेथे येतात. महाराष्ट्राच्या एका कोपऱ्यातील हे स्थान त्या समाजाच्या दृष्टीने मध्यभागी आहे.

आणि याच भूमीला संस्कृत नाटककार भवभूतीही आपला म्हणावयास मिळतो. आपले पूर्वज विदर्भातील पद्मपूरचे, असे त्याने सांगितले आहे. आमगावजवळचे पदमपूर हेच ते पद्मपूर, असे मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी मांडले. संस्कृत नाटकाची एक रीत येथे लक्षात घेण्याजोगी आहे. त्यात राजा संस्कृत बोलतो, राणी व सखी प्राकृत बोलतात आणि तरी कोणी कोणाला ‘तुझे मला कळत नाही’ असे म्हणत नाही. प्रेक्षकांनाही ते दोन्ही कळत असे. त्या रीतीत उच्चनीचतेचा भाव होता, हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. एका रंगमंचावर अनेक वाणी नांदू शकतात, हे त्या नाटककारांनी गृहीत धरले होते. आमच्या वर्गखोलीने ते अजून धरलेले नाही.

रकान्यातील माणसे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २००१ च्या जनगणनेत पोवारी ही मातृभाषा सांगणारे देशभरात सुमारे ४ लाख २५ हजार लोक होते. २०११ साली तो आकडा सुमारे ३ लाख २५ हजारांवर आला. हे आकडे गोंदिया, भंडारा, बालाघाट इत्यादी सर्व भागांचे मिळून आहेत. दहा वर्षांत लाखभर माणसे कोठे गेली? ती गेली नाहीत. त्यांनी किंवा त्यांच्या वतीने कोणीतरी रकान्यात दुसरे नाव लिहिले. कोणी ‘हिंदी’ लिहिले असेल, कोणी ‘मराठी’. शिवाय जी पोवारी म्हणून नोंदली गेली, तीही अंतिम तक्त्यात हिंदीच्या पोटातच दाखवली जाते. झाडी बोलीला तर स्वतंत्र ओळच नाही. २०११ साली लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची मूळ नावे १९,५६९ होती. छाननी, जुळणी आणि वर्गीकरण होऊन अखेरीस १२१ भाषा उरल्या. एवढ्या मोठ्या देशात असे वर्गीकरण करावे लागते, हे समजण्यासारखे आहे. पण एखादे नाव मुळात लिहिलेच गेले नाही, तर पुढील कोणत्याही छाननीत ते सापडणार नाही.

गोंडीची अवस्था वेगळी, पण तितकीच विचार करावयास लावणारी आहे. २०११ साली तिचे भाषक ३० लाखांच्या जवळपास होते. २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या परिशिष्टात आलेल्या बोडोच्या भाषकांपेक्षा ही संख्या सुमारे दुप्पट आहे. तरी गोंडी त्या परिशिष्टात नाही. ती अनेक राज्यांत विखुरलेली असल्यामुळे कोणत्याही एका राज्याला तिची निकड भासत नाही. सीमेपलीकडे छत्तीसगडने २००७ साली छत्तीसगडीसाठी कायदा केला आणि पुढे राजभाषा आयोग नेमला. राज्य मिळाले की बोलीची भाषा होते आणि राज्य न मिळाल्यास भाषेचीही बोली होते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. पोरांना नोकरी मराठीने, हिंदीने नाही तर इंग्रजीने मिळणार. घरची बोली सांभाळून त्यांचे कोणते कल्याण होणार? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. तो बहुधा खुद्द आईबापच घेतात आणि त्यांच्या बोलण्यामागे आयुष्यभराचा अनुभव असतो. बाजारात आणि कचेरीत आपल्या बोलीला हसणारे लोक त्यांनी पाहिलेले असतात. प्रमाण मराठी आली पाहिजे, चांगली आली पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ती येण्यासाठी घरची बोली मोडावी लागते, ही समजूत खरी नाही. मूल एका भाषेच्या खांद्यावर उभे राहून दुसरी घेते. खांदाच काढून घेतला तर त्याला दोन्ही नीट येत नाहीत आणि पुढे ते वर्गात बोलेनासे होते. बोलेनाशा झालेल्या मुलाला आपण मंद म्हणतो.

एक साधे उदाहरण घ्यावे. आपल्या बऱ्याच लिखाणात शेतात ‘भात’ उभा असतो, तो ‘खाचरा’त असतो आणि त्याची ‘लावणी’ होते. गोंदियाच्या मुलाच्या लेखी भात हा ताटात असतो. शेतात असते ते धान, आणि ते बांधीत असते. तो पऱ्हे पाहतो, रोवणी पाहतो, बोडीतले पाणी पाहतो. लावणी म्हटले की त्याला तमाशा आठवतो. त्याने निबंधात ‘रोवणी’ लिहिले आणि गुरुजींनी त्यावर तांबडी रेघ ओढली, तर ती रेघ एका शब्दापुरती राहत नाही. आपल्या बापाला शेतीही नीट बोलता येत नाही, असा तिचा अर्थ त्या मुलाच्या मनात उमटतो.

राज्यघटनेच्या ३५० अ या कलमाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकलेली आहे. हे कलम १९५६ सालचे, म्हणजे ज्या वर्षी गोंदिया आणि बालाघाट यांच्यामध्ये राज्याची रेषा आली, त्याच वर्षीचे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा पुरस्कार केला आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच्या हिमतीवर काढली. तिला शासनमान्यतेच्या प्रश्नाशी झगडावे लागले. कायद्यात जे लिहिले आहे तेच गावाने केले, आणि अडचण आली ती मात्र गावाला.

ज्या वर्गात चार घरच्या चार भाषा आहेत, तेथे चार माध्यमे चालवता येणार नाहीत, हे उघड आहे. परंतु तेवढे मोठे काही करावयाच्या आधी लहान गोष्टी करता येतील. पहिली-दुसरीच्या शिक्षकाच्या हाती पोवारी, झाडी, हलबी आणि गोंडीतील तीनचारशे नित्याचे शब्द असलेली एक पुस्तिका असावी. पश्चिम महाराष्ट्रातून वा मराठवाड्यातून येथे नेमणूक होऊन आलेल्या शिक्षकाला तिचा सर्वांत अधिक उपयोग होईल. त्याला तर येथील मराठीही पहिल्या दिवशी परकी वाटते. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपापल्या गावातील तलावाचे, धानाचे, पक्ष्यांचे शब्द आजोबा-आजीकडून उतरवून घ्यावेत. बांध्यांतून घरटी करणारा सारस महाराष्ट्रात मुख्यत्वे या जिल्ह्यातच उरला आहे आणि त्याची दरवर्षी गणना होते. पक्षी मोजले जातात ही आनंदाची गोष्ट आहे. त्याच बांधीत राबणाऱ्या माणसाच्या तोंडचे शब्द मोजण्यास कोणाची हरकत असू नये.

शेवटची गोष्ट जनगणनेची. २०२१ साली व्हावयाची राहून गेलेली गणना २०२७ साली करण्याचे शासनाने जाहीर केले आहे. ती करणारे हात कोणाचे असतात? शाळामास्तरांचे आणि कारकुनांचे. गणकाला दिलेल्या सूचना स्पष्ट असतात: लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा, आणि माणूस जे नाव सांगेल तेच लिहावयाचे. परंतु दारात उभ्या असलेल्या गणकाला घाई असते, उत्तर देणाऱ्याला संकोच असतो, आणि ‘मराठीच ना?’ किंवा ‘हिंदीच ना?’ असा प्रश्न आला की ‘हो’ म्हणणे सोपे जाते. अशा ‘हो’मधूनच लाखभर माणसे तक्त्यातून नाहीशी होतात.

२०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण सर्वांनी तो उत्सव साजरा केला. तो मान ज्या भाषेला मिळाला, ती झाडीतल्या ‘पानी’ने आणि ‘डोऱ्या’ने गरीब झालेली नाही, पोवारी आणि गोंडी शेजारी नांदल्याने तिचे काही गेलेले नाही. एखादा पोवार शेतकरी दारात बसून ‘मोरी बोली पोवारी’ असे सांगेल, तेव्हा गुरुजींनी दोन क्षण थांबावे आणि तो शब्द जसाच्या तसा लिहून घ्यावा. शासनाकडे त्यासाठी पैसा मागावा लागणार नाही आणि कोणत्या ठरावाचीही वाट पाहावी लागणार नाही.